साहेबरावाचा बोअर आणि मन्मथअप्पांचं घड्याळ

"पाडव्याच्या आत माझ्या अंगणात बोअर पडतो का न्हाई, बगाच तुमी. असं पानी लागंल, की साहेबरावाचा बोअर लाजून आटून जाईल."

मन्मथअप्पांनी हे अहमदपूरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, चहाची बशी हातात धरून, निम्म्या गावाच्या देखत जाहीर केलं. बशी थरथरत होती. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारपण आलं. पण अप्पांचा हात फक्त रागानं थरथरत असे, आणि त्या वर्षी तो सहसा थांबतच नव्हता.

तसं अप्पांना रागवायला कारण लागत नसे. त्या वर्षी मात्र कारणांचा ढीग पडला होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अप्पांनी पदरचे पेढे वाटले होते. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं म्हणजे सरकार जवळ आलं, आणि सरकार जवळ आलं म्हणजे पाणीही फार लांब नसणार, अशी त्यांची भाबडी समजूत. पाण्याऐवजी जीपगाड्या आल्या. जीपमधून साहेब उतरत, कोरड्या विहिरीत वाकून बघत, "हं" म्हणत आणि लातूरला परत जात. "पैले हे लोक उस्मानाबादहून येऊन बगायचे," अप्पा म्हणत, "आता लातूरहून येऊन बगून राहिले. फायदा एवढाच, की जेवायच्या टायमाला घरी पोचून राहिले." यावर कुणी हसलं, की अप्पा त्याच्यावरही भडकत.

अप्पांचं दुकान दोराचं. नाडे, सोल, बारदान, घमेली असलाच माल. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी विहिरींचं पाणी जसजसं खाली गेलं तसतसा अप्पांचा दोर लांब लांब खपत गेला, आणि तेव्हा अप्पा पावसावर फारसे रागावले नव्हते, हे इथं सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. मग दोर कितीही लांब असला तरी त्याच्या टोकाला काही लागेना, आणि दुकानात गिऱ्हाईकही लागेना.

याच सुमाराला शेजारच्या साहेबरावांच्या अंगणातल्या बोअरला पाणी लागलं.

साहेबराव म्हणजे अप्पांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. माणूस वाईट नव्हता. वीज आली की मोटार चालू करायचा आणि सगळ्या गल्लीला पाणी द्यायचा. पण देताना नळाशेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसायचा, आणि प्रत्येक हंड्याबरोबर चार शब्द द्यायचा. एके दिवशी त्यानं अप्पांच्या बायकोला, गुरम्माला, भर रांगेत विचारलं, "वैनी, आता अप्पांच्या दोराचं काय करायचं वो? झोके बांधा घरात." सगळ्या बायका हसल्या. गुरम्माही हसली. घरी येऊन तिनं ते सहज सांगितलं, आणि अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून गेली.

"त्याच्या दारात मी पाय ठेवनार न्हाई," अप्पा गरजले. "मेलो तरी न्हाई."

ही प्रतिज्ञा अप्पांनी कडक पाळली. साहेबरावाच्या दारात न ठेवलेले पाय अप्पांचे होते. दुखायचे ते गुरम्माचे. रोज चार खेपा, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. अप्पा ते पाणी पीत, त्यानं आंघोळ करीत, त्याच पाण्यानं लिंगपूजा करीत, आणि तोंड पुसता पुसता साहेबरावाला शिव्या घालीत. एकदा रांगेतून येताना गुरम्माची कंबर धरली. ती दोन दिवस भिंतीला हात लावून चालली.  अप्पांनी बोअरचं मनावर घेतलं ते त्या दोन दिवसांत, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. राग बोलून दाखवायची त्यांना सवय होती, बाकीच्या गोष्टींची नव्हती.

पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरला. तुळशीच्या पलीकडे नारळ उभा राहिला. तिथं अप्पांनी चुन्याचं वर्तुळ काढलं आणि हुकूम सोडला, की यावर कुणी पाय द्यायचा नाही. झालं, गुरम्मा डोक्यावर हंडा घेऊन त्या वर्तुळाला वळसा घालून ये-जा करू लागली. बोअर पडायच्या आधीच बोअरनं तिची वाट लांब केली होती.

आता उरला पैसा. पैशासाठी अप्पांकडे एकच वस्तू होती, घड्याळ.

अप्पांचे वडील शरणप्पा निजामाच्या राज्यात मुदखेडला रेल्वेला दोर आणि बारदान पुरवायचे. तिथल्या एका इंग्रज साहेबानं विलायतेला परत जाताना आपलं खिशातलं घड्याळ शरणप्पांच्या हातावर ठेवलं होतं. चांदीची डबी, चांदीची साखळी, तबकडीवर उर्दू आकडे, आणि मागच्या झाकणावर रेल्वेची बारीक नक्षीची मोहर. घरात उर्दू कुणाला येत नव्हतं. काटे कुठं आहेत यावरून वेळ ओळखायची. घड्याळ दसऱ्याला पूजेत मांडलं जाई, हळदकुंकू लागे, आणि परत कपाटात जाई.

अप्पा ते घेऊन नांदेडला गेले. वजिराबादेत हणमंतराव घड्याळजीचं दुकान होतं. हणमंतरावांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, कानाशी धरलं, आणि बराच वेळ बोललेच नाहीत. अप्पांना तेवढ्यातच राग आला.

"काय ते सांगा ना. मुक्यानं काय बगून राहिले?"

"अप्पा," हणमंतराव हळूच म्हणाले, "हे कुनाला दाखवलं न्हाई ना? हैदराबादचे दोन शौकीन माझ्याकडं येत असतात. जुन्या घड्याळांसाठी येडे हायत. उर्दू आकड्यांचं, निजामाच्या रेल्वेचं म्हनलं तर उड्या मारतील. या न्हाई, पुढच्या सोमवारी यायचेत. तुमचा बोअर पडला समजा."

"मंग घासूनपुसून आनतो."

हणमंतरावांनी कानाला हात लावले. "काय बी करू नका. पुसू सुद्धा नका. हाय तसं आना. हे लोक जुनेपनाचेच पैसे देतात."

हे वाक्य अप्पांनी नीट ऐकलं. घरी येईपर्यंत ते त्यांना पाठ झालं होतं. पण घरी येऊन त्यांनी ते गुरम्माला सांगितलं नाही, कारण व्यवहारातल्या गोष्टी बायकोला सांगायच्या नसतात असा त्यांचा नियम होता. त्यांनी सांगितलं ते दुसरंच.

ते दुसरं कळायला चार दिवस मागं जावं लागेल. झालं होतं असं, की साहेबरावाच्या रांगेत गुरम्माचा तांब्याचा हंडा बदलला. त्याच मापाचा, त्याच घाटाचा, पण बुडाला गळका हंडा तिच्या वाट्याला आला. चांगला हंडा कुणी नेला ते कळेना. प्रत्येकीनं आपापल्या देवाची शपथ घेतली. अप्पांनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. "नाव कामून न्हाई हंड्यावर? लोकं चमच्यावर नाव घालतात, आन आपला हंडा बिननावाचा? येत्या सोमवारच्या बाजारात समदी भांडी नेऊन नाव घालून आन. या घरातली एक बी वस्तू मला बिननावाची दिसली न्हाई पायजे."

"एक बी?" गुरम्मानं विचारलं होतं.

"एक बी."

आता नांदेडहून आलेले अप्पा ओसरीत बसून पाणी पीत तिला सांगू लागले. "हैदराबादचे लोक लई हुशार. आपली वस्तू हातात घेतील, हिकडून बगतील, तिकडून बगतील. आपली नजर जरा हलली, की खरी वस्तू त्यांच्या खिशात आन तसलीच दुसरी आपल्या हातात. मंग बोंबलत बसा. आपलीच हाय म्हनून काय पुरावा?"

हा प्रश्न अप्पांनी हवेला विचारला होता. उत्तर येईपर्यंत थांबायची त्यांची पद्धत नव्हती. ते उठले आणि बोअरची गाडी ठरवायला हदगावला निघून गेले. तिकडं त्यांच्या ओळखीचा एक गाडीवाला होता. घड्याळ सोबत घेऊन एस्टीत एवढं फिरायचं म्हणजे खिसेकापूंना आमंत्रण. म्हणून ते कपाटात ठेवून गेले.

पण प्रश्न गुरम्माच्या मनात राहिला. तिच्याकडं त्याचं उत्तर होतं. ते उत्तर गल्लीतल्या प्रत्येक बाईकडं होतं.

गाडीवाल्यानं अप्पांना दोन दिवस बसवून ठेवलं आणि पाडव्याच्या आदल्या दिवसाची तारीख दिली. अप्पा परत आले तेव्हा ओसरीत भांडी चमकत होती. हंडा, कळशा, परात, तांबे, डाव, उलथनं. सगळ्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. सोमवारच्या बाजाराची वाट न बघता गुरम्मा थेट भांड्याच्या दुकानात मलप्पाकडं गेली होती. मलप्पाकडं नाव घालायचं यंत्र होतं, हातात धरून टिर्रर्र करत अक्षरं काढायचं. अप्पांनी हंडा उचलला, नाव वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"आता कोन नेतो बगू."

"समद्यावर घातलं," गुरम्मा म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "तुमी म्हनले होते, एक बी सुटली न्हाई पायजे. घड्याळावर बी घातलं."

अप्पांना आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द ऐकू आले, पण ते कुणी दुसऱ्याच्या घरातले असावेत असं वाटलं.

"कशावर?"

"घड्याळावर. तुमी म्हनले ना, बदलतील म्हनून? आता कसं बदलतील? थांबा, दावते."

ती आत गेली आणि घड्याळ घेऊन आली. तिनं ते पदरानं पुसलं आणि मागची बाजू वर करून त्यांच्या हातात दिलं. रेल्वेच्या मोहरेच्या खाली, जिथं इतकी वर्षं नुसती गुळगुळीत चांदी होती, तिथं ठसठशीत टिंबांची अक्षरं होती: कै. शरणप्पा यांचे चिरंजीव मन्मथ शरणप्पा दोरवाले, अहमदपूर, जि. उस्मानाबाद. उस्मानाबादवर दोन आडव्या रेघा मारून ते खोडलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, लातूर.

"ते खोडलं कामून, म्हनून इचारू नका," गुरम्मा म्हणाली. "मलप्पाची जुनी सवय. हात तसाच वळला त्याचा. मीच म्हनलं, आवो मामा, आता जिल्हा बदलला. मंग त्यानं नीट केलं. वरती एक फूल काढतो म्हनत होता. मी नको म्हनलं. घड्याळाला फूल बरं दिसत न्हाई."

अक्षरं उजेडात बघायला अप्पा अंगणात उतरले आणि खाली बसले. थेट चुन्याच्या वर्तुळावर बसले.

मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. अप्पांनी मलप्पाचा उद्धार केला, त्याच्या यंत्राचा केला, वीज मंडळाचा केला, कारण वीज नसती तर यंत्र चाललं नसतं. नवा जिल्हा करणाऱ्यांचा केला. हंडा नेणाऱ्या अज्ञात बाईच्या सात पिढ्यांचा केला. शेवटी गुरम्माकडं वळले, आणि तिथं मात्र त्यांनी असं काही म्हटलं जे त्यांनी म्हणायला नको होतं.

"तुझ्या अकलेनं माझा बोअर बुडवला. आता भर जन्मभर पानी त्या साहेबरावाच्या दारात."

गुरम्माचा चेहरा उतरला. "अय्यो शिवा," एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. त्या दिवसापासून अप्पा तिच्याशी बोलले नाहीत. ताट समोर आलं की जेवायचं, पाणी समोर आलं की प्यायचं, आणि तोंड भिंतीकडं. चूक आपली, असं गुरम्मानं स्वतःलाच बजावून ठेवलं होतं. ती पूर्वीपेक्षा एक खेप जास्त आणू लागली.

नांदेडचा सोमवार जवळ येत होता. अप्पांनी ठरवलं, कोरलेलं काढता येतं. कोरलं म्हणजे काय, ओरखडाच तो. दुकानात काचकागद होताच. ते दुकानाच्या मागच्या बाजूला बारदानावर बसले आणि घासू लागले. आधी हळू. पण "मन्मथ" जाईना. मग जोर लावला. प्रत्येक घासणीबरोबर एक शिवी, आणि प्रत्येक शिवीबरोबर जोर वाढत गेला. संध्याकाळपर्यंत बाप गेला, लेक गेला, अहमदपूर गेलं, उस्मानाबाद गेलं. लातूर सगळ्यात चिवट निघालं, तेही गेलं.

नाव गेलं, पण तेवढीच जागा पांढरीफटक पडली आणि बाकीचं झाकण जुनंच राहिलं. चोरी उघडी पडण्यासारखं होतं ते. म्हणून अप्पांनी सगळं झाकण घासलं. त्यात रेल्वेची मोहर अर्धी गेली. अर्धी मोहर फारच वाईट दिसायला लागली, तेव्हा उरलेली अर्धीही काढली. मग मागची बाजू नवी आणि पुढची जुनी दिसू लागली, म्हणून पुढचीही घासली. ओरखडे राहिले ते घालवायला चिंच लावली, राख लावली, आणि शेवटी हे सगळं धुवायला घरातल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी ओतलं. साहेबरावाच्या बोअरचं खारं पाणी. त्यातलं थोडं झाकणाच्या फटीतून आत गेलं आणि आतच राहिलं.

घड्याळ लखलखत होतं. टिकटिक तेवढी बंद पडली होती. पण चाललं नाही तरी चालेल, लोक जुनेपणाचे पैसे देतात, असं म्हणून अप्पांनी ते रुमालात बांधलं.

सोमवारी नांदेडला हणमंतरावांच्या दुकानात हैदराबादचे दोघे शौकीन बसले होते. एक होते मुनव्वरसाहेब, पांढरी दाढी, शेरवानी, बोलायला गोड. दुसरे त्यांचे दोस्त, जे घड्याळाशिवाय कशाकडं बघत नसत आणि बोलत तर अजिबात नसत. हणमंतरावांनी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. चहा आला होता, बिस्किटं आली होती. अप्पांसाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

अप्पांनी रुमाल सोडला.

हणमंतरावांच्या हातातली बशी खाली गेली. मुनव्वरसाहेबांनी घड्याळ उचललं, उलटं केलं, अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्यांनी भिंग लावून काचेच्या आत साचलेलं पाणी बघितलं, भिंग काढलं आणि तोंड फिरवून बसले.

"अप्पासाब," मुनव्वरसाहेब म्हणाले, "ये क्या हो गया?"

अप्पांचा राग तयारच होता. "काय होनार? बायकोनं घोटाळा केला. झाकणावर नाव घालून आनलं. हंड्यावर घालतात ना, तसं. मी नसताना."

"नाम? किदर है नाम?"

"मी ठेवलं व्हय तसंच? घासून काढलं. समदं घासून काढलं."

"क्या लिखा था?"

अप्पांनी सांगितलं. बापाचं नाव, स्वतःचं नाव, दोरवाले, अहमदपूर. उस्मानाबाद, त्यावर दोन रेघा, खाली लातूर. सांगताना त्यांना पुन्हा चीड आली. मुनव्वरसाहेब मात्र खुर्चीत पुढं सरकले होते.

"जिला बदला, तो घडी पे भी बदल दिया?"

"हाव ना. आता काय सांगू."

मुनव्वरसाहेबांनी दोस्ताकडं बघितलं. दोस्तांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "या अल्ला," ते म्हणाले, आणि पुन्हा मिटलं.

मुनव्वरसाहेबांनी शेरवानीतून स्वतःचं घड्याळ काढलं आणि उलटं करून अप्पांच्या पुढ्यात धरलं. मागं वेड्यावाकड्या अक्षरांत कुणा शिंप्याचं नाव कोरलेलं होतं. "मैं इसी नाम के वास्ते लिया इसकू. घडी तो बहुत मिलती है, अप्पासाब. किसके घर में रही, किसने संभाली, वो नहीं मिलता. नाम चल जाता था. और वो तुम्हारा जिला..." त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "रेलवे की मुहर, उसके नीचे बेटे का नाम, और पुराना जिला काट के नया. ऐसी घडी दुनिया में दूसरी नहीं. मैं मुँहमाँगा देता था. ये घिसाई किसने करी बोले?"

अप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.  हणमंतराव भिंतीवरच्या घड्याळांकडं बघत बसले.

"तुम्हारी बेगम को मेरा सलाम बोलना," मुनव्वरसाहेब म्हणाले, आणि घड्याळ अलगद रुमालात ठेवून परत दिलं.

परतीच्या एस्टीत अप्पांनी कंडक्टरशी भांडण काढायचा प्रयत्न केला. कंडक्टर सभ्य निघाला. खिडकीतून कोरडी रानं मागं पळत होती. अप्पा रुमालावर हात ठेवून बसले होते. सात दिवस ते बायकोशी बोलले नव्हते, त्यातला प्रत्येक दिवस आता त्यांना एकेक करून आठवत होता. सगळ्यात जास्त आठवत होती ती तिची जास्तीची खेप.

घरी पोचले तेव्हा गुरम्मा दारातच उभी होती. पदर नीट केलेला, डोळे त्यांच्या हाताकडं. रुमाल बघून ती समजली.

"मी नाव घातलं त्यापायीच गेलं ना?" ती हळू म्हणाली.

"हाव" म्हणायला काहीच लागत नव्हतं. ती मान खाली घालून ऐकून घेणार होती, गल्लीनंही तसंच धरलं होतं, आणि नांदेड लांब होतं. अप्पांनी तोंड उघडलं. पण त्यांना काढता येत होता तो एकच आवाज, ओरडायचा. त्याच आवाजात ते ओरडले.

"नावापायी न्हाई गेलं! तू घातलेलं नाव बरं होतं! तो मुसलमान शौकीन सलाम करून राहिला तुला! मी घासलं म्हनून गेलं. मी. समजलं का न्हाई? पुन्हा मला इचारायचं न्हाई."

भिंतीपलीकडं साहेबरावांनी बायकोला सांगितलं, "बिचारी वैनी. आज लईच बोलून राहिले अप्पा."

 गुरम्माचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं डोळ्याला पदर लावला, मग पदरामागं थोडी हसलीही असावी, नक्की सांगता येत नाही.

"हंडा कुठाय?" अप्पा म्हणाले.

"कामून?"

"कुठाय म्हनतो."

हंडा घेऊन अप्पा बाहेर पडले आणि साहेबरावाच्या दारातून आत शिरले. मोटार चालू होती. अख्खी रांग वळून बघू लागली. साहेबराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अप्पा? तुमी? वैनीला पाठवायचं की."

"ती येनार न्हाई. तिची कंबर दुखती," अप्पा म्हणाले, आणि थेट नळाकडं निघाले.

"अप्पा, लाइन मागून हाय," पहिली बाई म्हणाली. अप्पा वळले आणि सगळ्यात मागं जाऊन उभे राहिले. साहेबराव काहीतरी बोलणार होते, दोरावरून असेल किंवा झोक्यावरून, पण अप्पांकडं बघून त्यांनी ते गिळलं. उलट पाळी आली तेव्हा स्वतःच पुढं होऊन त्यांचा हंडा नळाखाली धरला. त्यामुळं अप्पांची फारच पंचाईत झाली.

भरलेला हंडा डोक्यावर जाईना. दोन बायकांनी हात देऊन चढवला. मग तो डोक्यावर राहीना. अप्पा दोन्ही हातांनी तो धरून, मान आखडून, धोतर भिजवत, चुन्याच्या वर्तुळावरूनच घरी आले. ओसरीत हंडा उतरवला तेव्हा निम्मा राहिला होता.

गुरम्मानं हंड्यात डोकावून बघितलं. "निम्माच आनला जी."

अप्पा धापा टाकत उभे राहिले आणि रागवायला कुणी सापडतं का ते बघू लागले. साहेबरावानं पाणी फुकट दिलं होतं आणि वर हात लावला होता. बायकांनी हंडा चढवून दिला होता. मलप्पानं सांगितलं तेवढंच कोरलं होतं, आणि गुरम्मानं सांगितलं तेवढंच करून आणलं होतं. हैदराबादवाला तर सलाम सांगून गेला होता. एकेक माणूस तपासून झाला, एकही उपयोगाचा निघेना. शेवटी अप्पा दोन पावलं मागं सरले आणि हंड्यावरच डोळे वटारले.

"तुला उद्या बगून घेतो," ते म्हणाले.

"उद्या कशाला?" गुरम्मा कळशी त्यांच्या हातात देत म्हणाली. "आताच बगा. वीज जायच्या आत आजून तीन खेपा हायत."